वजा कुठून आलं, अन्ना?

पत्र असं आहे:

बाई, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. बारावी सायन्स झालो, पुढं शिकायला जमलं नाही. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं कटिंगला आहे. बहीण यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. रात्री जेवणं झाली की तिचं गणित मी घेतो. आजवर निभावलं. मागच्या आठवड्यात एक उदाहरण आलं: २क्ष + ३य = १२ या रेषेला लंब असणारी आणि (४, −१) या बिंदूतून जाणारी रेषा काढा. मी सोडवून दिलं, उत्तर आलं ३क्ष + २य = १४. पुस्तकाच्या मागं होतं ३क्ष − २य = १४. एका चिन्हाचाच फरक होता, म्हणून म्हटलं छपाईची चूक असेल. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात हात वर करून पुस्तक चुकलंय म्हणून सांगितलं. वर्ग हसला. घरी येऊन तिनं एवढंच विचारलं, "चढ उलटा का करायचा, आणि वजा कुठून आलं, अन्ना?" मला सांगता आलं नाही. नियम आहे म्हणालो. तेव्हापासून ती वही घेऊन माझ्याकडं येत नाही. क्लासची फी विचारून आलो, एकदम भरणं अवघड आहे. आई विड्या करते, वडिलांचा माग बंद आहे. मी शिकवणं थांबवावं का? आणि खरंच, ते वजा येतं कुठून?
तिचा अन्ना

प्रिय अन्ना,

तुम्ही जोडलेला वहीच्या पानाचा फोटो मी आधी बघितला, पत्र नंतर वाचलं. जन्म वह्या तपासण्यात गेल्यावर हीच सवय लागते. अक्षर चांगलं आहे तुमचं. पायऱ्या एकाखाली एक लिहिल्यात, बरोबरची चिन्हं एका ओळीत आलीत. कटिंगवाल्याचा हात दिसतो.

तर आधी चूक बघू, कारण ती मोठी लबाड निघाली. चूक एक नाही, दोन आहेत, आणि दुसरीनं पहिलीला पाठीशी घातलंय.

२क्ष + ३य = १२ मध्ये तुम्हाला २ आणि ३ दिसले आणि तुम्ही चढ २/३ लिहून मोकळे झालात. चढ म्हणजे एक घर उजवीकडं गेल्यावर रेषा किती घरं वर जाते तो आकडा. तो असा वरवर बघून मिळत नाही. य एकट्याला एका बाजूला बसवावं लागतं: ३य = १२ − २क्ष, ३ नं भागलं की क्षच्या पुढं −२/३ येतं. चढ उणे दोन तृतीयांश. ही रेषा उतरणीची आहे. तुम्ही ती चढणीची धरलीत, मग नियमाप्रमाणं चढ उलटा करून वजा लावलं आणि −३/२ घेतलं. नियम बरोबर वापरलात, पण चुकीच्या आकड्यावर.

आता दुसरी. बिंदू (४, −१) आहे, म्हणजे त्यातून जाणाऱ्या रेषेच्या समीकरणात य वजा उणे एक येतं, म्हणजे य + १. तुमच्या पानावर य − १ आहे. ही चूक झाली नसती तर तुमचं उत्तर ३क्ष + २य = १० आलं असतं, पुस्तकातल्या १४ शी ते जुळलं नसतं, आणि तुम्ही तिथंच थांबून मागं वळून बघितलं असतं. पण या दुसऱ्या चुकीनं १० चे नेमके १४ केले. शेवटचा आकडा जुळला, मधलं चिन्ह तेवढं वेगळं. अशा वेळी छपाईवर संशय गेला तर मी तुम्हाला फार दोष देणार नाही. पुस्तकं चुकतातही. पण पुस्तकाला चूक म्हणण्याआधी करायच्या दोन तपासण्या आहेत, दोन्ही तोंडी होतात. त्या पुढं सांगते.

(छापायच्या सोयीसाठी मी इथं क्ष आणि य लिहितेय. बहिणीला वहीत तिच्या कॉलेजात लिहितात तीच इंग्रजी अक्षरं लिहू द्या.)

आता तिचा प्रश्न. मीही शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं फळ्यावर 'लंब रेषांच्या दोन चढांचा गुणाकार उणे एक' एवढं लिहायची, त्याच्याभोवती चौकट काढायची आणि पुढचं उदाहरण घ्यायची. एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पण का?" मी म्हटलं, नियम आहे. ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्यानं मला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्या रात्री स्वयंपाक आटपून मी कागद-कात्री घेऊन बसले. तेव्हा जे सापडलं तेच तुम्हाला सांगते. तुमच्याकडं तर कात्री माझ्यापेक्षा चांगली आहे.

पॅटर्नचा जाड पुठ्ठा घ्या. आलेख कागदावर ठेवून त्यातून एक काटकोन त्रिकोण कापा, एक बाजू ४ चौकोनांची, दुसरी ३ ची. आलेख कागद घरात नसेल तर चौकडीच्या वहीचं पान चालेल. आता त्रिकोण असा ठेवा की ४ ची बाजू आडवी, उजवीकडं पसरलेली, आणि तिच्या उजव्या टोकावर ३ ची बाजू उभी. डावीकडचं टोकदार टोक कागदावर जिथं येतं तिथं खूण करा. कर्ण म्हणजे तुमची रेषा. चार घरं उजवीकडं, तीन घरं वर. चढ ३/४.

आता त्या टोकदार टोकावर बोट दाबून धरा आणि त्रिकोण पाव फेरा फिरवा, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं. जी बाजू उजवीकडं आडवी होती ती उभी राहिली, वरच्या दिशेनं. जी वर उभी होती ती आडवी झाली, पण कुठं तोंड करून? डावीकडं. कर्ण जुन्या जागेपासून बरोबर काटकोनात वळलाय, कारण सगळा त्रिकोणच काटकोनात वळलाय. नवी रेषा चार घरं वर जाते आणि तीन घरं डावीकडं. डावीकडं म्हणजे उणे. चढ ४ भागिले उणे ३.

झालं. 'उलटा का' याचं उत्तर हे, की आडवी बाजू उभी झाली आणि उभी आडवी झाली, त्यामुळं वरचा आकडा खाली गेला आणि खालचा वर आला. आणि वजा आलं ते 'वर' फिरून 'डावीकडं' झाल्यामुळं. पाव फेऱ्यात उजवीकडचं वर जातं, तिथं चिन्ह बदलत नाही. वरचं डावीकडं जातं, तिथं बदलतं. दोहोंपैकी एकाचंच चिन्ह बदलतं म्हणून भागाकाराला वजा लागतं. दोन्ही बदलली असती तर वजा उरलंच नसतं.

हे तिला तोंडी सांगू नका. त्रिकोण तिच्या हातात द्या. मग तुमच्या उदाहरणातली रेषा घ्या: तीन घरं उजवीकडं, दोन घरं खाली. यासाठी ३ आणि २ चा दुसरा पुठ्ठा कापावा लागेल. तो पाव फेरा फिरवला की उजवीकडचे तीन वर जातात आणि खालचे दोन उजवीकडं येतात. तीन वर, दोन उजवीकडं, चढ ३/२. यात वजा नाही. आधीची रेषा उतरत होती, म्हणून तिचा लंब चढतो. वजा 'लावायचं' असं पाठ केलेली मुलं इथं हमखास फसतात, त्यांना उत्तरात उणे दिसलं नाही की करमत नाही. वजा लावायचं नसतं, चिन्ह बदलायचं असतं.

आता रेषा कशी काढायची. हे तर तुम्ही दिवसातून पन्नास वेळा करता. ताका टेबलावर उलगडला की त्याचं टोक सरळ असेलच असं नाही. तुम्ही एल स्केलची एक बाजू कापडाच्या काठाला लावता, मग स्केल काठावरून सरकवत खडूच्या खुणेपाशी आणता आणि पन्ह्यावर आडवी रेघ ओढता. नीट बघा, यात तुम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. स्केल काठाला लावलीत तेव्हा दिशा ठरली. खुणेपाशी आणलीत तेव्हा जागा ठरली. यापलीकडं त्या रेघेला काही लागलं नाही. काठ टेबलाच्या कडेपासून वीतभर आत असो की दोन वीत, रेघेला फरक पडत नाही.

तुमच्या उदाहरणातला १२ हा तसा आहे. काठ टेबलावर कुठं पडलाय एवढंच तो सांगतो. १२ च्या जागी ५० घाला, उत्तर तेच येईल. बहिणीला हे आधी सांगू नका, तिलाच १२ बदलून उदाहरण पुन्हा करायला लावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दिलेला आकडा निरुपयोगी निघाला की फार मजा वाटते.

दुसरी एक अडचण बऱ्याच मुलांना येते, तुमच्या पानाच्या कडेला पेन्सिलीत तिच्या अक्षरात ती दिसलीही. तिनं (४, −१) मूळ रेषेत घालून बघितलं, ८ − ३ म्हणजे ५ आलं, १२ आलं नाही, आणि तिथं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. तिला वाटलं बिंदू चुकलाय. बिंदू मूळ रेषेवर नाही हे तिनं बरोबर ओळखलं, पण तो तिथं असायला हवा असं कुणी म्हटलंच नव्हतं. 'रेषेवर लंब टाका' म्हणतो तेव्हा आपण बहुतेक बाहेरूनच टाकतो. खडूची खूण काठावर नसते, कापडाच्या मध्ये कुठंतरी असते, तसंच हे.

आता बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण. त्याचं वेगळं सूत्र म्हणून मुलं पाठ करतात, पण ते दहावीतलं चढाचंच सूत्र आहे. रेषेवरचा कुठलाही बिंदू (क्ष, य) घ्या. त्याच्यापासून (४, −१) पर्यंतचा चढ ३/२ च यायला हवा, नाहीतर तो त्या रेषेवर नाही. म्हणजे

(य − (−१)) / (क्ष − ४) = ३/२

उणे एक कंसातच ठेवा. ही माझी एकमेव सक्ती समजा. कंस घातला असता तर तुमची दुसरी चूक झालीच नसती. आता तिरका गुणाकार करा: २(य + १) = ३(क्ष − ४), म्हणजे २य + २ = ३क्ष − १२, म्हणजे ३क्ष − २य = १४. पुस्तकाला मान द्यावा लागतो.

मघाशी म्हटलेल्या दोन तपासण्या. पहिली: बिंदू नव्या रेषेत घाला. ३ × ४ म्हणजे १२, वजा २ × (−१) म्हणजे अधिक २, एकूण १४. बसला. तुमच्या उत्तरात घालून बघा: १२ − २ = १०, पण उजवीकडं १४. बसत नाही. जी रेषा दिलेल्या बिंदूतूनच जात नाही ती छपाईच्या चुकीनं बरोबर ठरत नाही. दुसरी: दोन्ही समीकरणांतले क्षचे आकडे गुणा, यचे आकडे गुणा, बेरीज शून्य यायला हवी. २ × ३ म्हणजे ६, ३ × (−२) म्हणजे −६, शून्य. काटकोन आहे. तुमच्यात ६ + ६ = १२, काटकोन नाही. दोन्ही मिळून अर्धा मिनिट लागत नाही.

हे शून्याचं काय प्रकरण आहे ते ती विचारेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मूळ रेषेवर तीन घरं उजवीकडं आणि दोन खाली गेलं की २क्ष मध्ये ६ वाढतात आणि ३य मध्ये ६ कमी होतात, म्हणून बेरीज १२ ची १२ च राहते. रेषेवर चालायचं म्हणजे ही बेरीज सांभाळत चालायचं. आता गंमत बघा. रेषेच्या समीकरणातले आकडे २ आणि ३, आणि लंबाची पायरी कोणती आली होती? दोन उजवीकडं, तीन वर. समीकरणात लंबाची दिशा उघड लिहिलेली असते, आपण उगीच चढ काढून, उलटा करून, चिन्ह बदलून तिथंच पोचतो. मला हे कळलं तेव्हा मी बरीच वर्षं शिकवत होते. लाज वाटली आणि आनंदही झाला.

यातूनच झटपट रीत निघते. २क्ष + ३य ला लंब म्हणजे आकड्यांची अदलाबदल आणि एकाचं चिन्ह बदल: ३क्ष − २य = काहीतरी. ते काहीतरी काढायला बिंदू घाला: १२ + २ = १४. एका ओळीत उत्तर. सीईटीला पर्याय दिलेले असतात आणि घड्याळ पळत असतं, तिथं ही रीत सोन्यासारखी आहे. कॉलेजच्या पेपरात मात्र पायऱ्यांना गुण असतात, तिथं सगळं सविस्तर लिहू द्या. आणि ही रीत पुठ्ठ्याच्या नंतरच द्या. आधी दिलीत तर पुन्हा 'नियम आहे' पाशी येऊन बसाल.

ती हुशार दिसते, म्हणून आणखी एक. "पुठ्ठा फिरवला हे ठीक, पण गुणाकार उणे एक याची सिद्धता कुठाय?" असं म्हणाली तर दहावीचं भूमितीमध्याचं प्रमेय आठवतं का विचारा. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला तर त्या लंबाचा वर्ग म्हणजे कर्णाच्या दोन तुकड्यांचा गुणाकार. मराठी माध्यमाच्या पोरांनी हे घोटून घोटून केलेलं असतं आणि परीक्षा झाल्यावर विसरलेलं असतं. आता आरंभबिंदूतून दोन परस्परलंब रेषा काढा, एक चढती, एक उतरती. क्ष = १ पाशी एक उभी रेषा ओढा. चढती रेषा तिला वर छेदते, आणि आडव्या अक्षापासून ती उंची म्हणजे तिचा चढच, कारण आपण एकच घर उजवीकडं आलोय. उतरती तिला खाली छेदते. आरंभबिंदू हा काटकोन, उभा तुकडा हा कर्ण, आणि आरंभबिंदूपासून त्याच्यापर्यंतचं आडवं अंतर १ हा त्यावरचा लंब. प्रमेय म्हणतं, १ चा वर्ग म्हणजे वरचा तुकडा गुणिले खालचा तुकडा. वरचा ३/२ असेल तर खालचा २/३ व्हायलाच हवा. आणि तो खाली आहे, म्हणून −२/३. उलटं होणं आणि वजा येणं दोन्ही एकाच चित्रात. कच्ची आकृती काढून बघा, मी लिहिलंय त्याहून सोपं आहे.

एका ठिकाणी हा नियम चालत नाही. रेषा पूर्ण आडवी असेल तर तिचा चढ शून्य, आणि शून्याला उलटं करता येत नाही. रेषा पूर्ण उभी असेल तर तिला चढच नाही, खाली शून्यानं भागायची वेळ येते. अशा जोडीला 'गुणाकार उणे एक' म्हणून चालत नाही, पण त्या एकमेकींना लंब आहेत हे तर डोळ्यांना दिसतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला नंदीध्वज निघतात ते आठवा. सपाट रस्ता आणि त्यावर सरळ उभा धरलेला नंदीध्वज. त्या काठीचा चढ किती असं विचारलं तर उत्तर नाही, पण ती रस्त्याला काटकोनात आहे की नाही हे ती पेलणाऱ्याच्या कमरेला बरोबर कळतं. तेव्हा य = ५ ला लंब आणि (३, −२) मधून जाणारी रेषा विचारली तर सूत्राच्या वाटेला जाऊ नका. आडवीला लंब उभी, आणि उभी जिथून जाते तिथं क्ष = ३. एवढंच उत्तर.

इंग्रजीचं सांगते. तुम्हाला वाटतंय तिला गणित अवघड जातंय. मला पानावरून वाटतं की तिला गणित येतं, शब्द अनोळखी झालेत. चढ म्हणजे स्लोप, लंब म्हणजे परपेंडिक्युलर, गुणाकार व्यस्त म्हणजे रेसिप्रोकल. 'निगेटिव्ह रेसिप्रोकल' हे वर्गात एकदम कानावर पडलं की पोर घाबरतं, आणि तेच 'विरुद्ध चिन्हाचा गुणाकार व्यस्त' म्हटलं की हे तर आपलंच आहे असं वाटतं. वहीच्या शेवटच्या पानावर तिला दोन रकाने करू द्या, एकात कॉलेजचा शब्द, दुसऱ्यात शाळेचा. हवा असेल तर तिसरा रकाना तेलुगूचा. आपल्या सोलापुरात एका घरात तीन भाषा चालतात, एका वहीत चालायला काय हरकत आहे? तुम्ही त्यात चौथा रकाना कारखान्याचा घाला. उरेब पट्टी कापता ती काठाला पंचेचाळीस अंशात असते, काठ आडवा धरला तर तिचा चढ एक. तिला लंब रेघेचा चढ उणे एक, म्हणजे दुसऱ्या बाजूची उरेब. हे उदाहरण कुठल्याही गाईडात मिळणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, थांबू का.

नका थांबू. पण तसंच पुढं चालूही नका. तिचं तुमच्याकडं येणं बंद झालं ते उत्तर चुकलं म्हणून झालं असं मला वाटत नाही. तुम्ही पुस्तकाला चूक म्हणालात, ती तुमच्या भरवशावर भर वर्गात उभी राहिली, आणि हसं झाल्यावर तिनं का विचारलं तर तुम्ही नियम आहे म्हणालात. यात दोनदा तिला एकटं सोडलं गेलं. (वर्ग हसला तेव्हा शिकवणाऱ्यांनी काय केलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी असते तर तिला फळ्यापाशी बोलावून दोन्ही उत्तरांत बिंदू घालून बघायला लावलं असतं. पण ते जाऊ दे.)

माफी मागायचा मोठा समारंभ नको. आईच्या समोर, ताटावर तर नकोच. रात्री तुमचं ते चुकलेलं पान पुढं ठेवा आणि सांगा, "इथं दोन चुका आहेत, दोन्ही माझ्या. एक मी दाखवतो, दुसरी तू शोध." पहिली तुम्ही दाखवायची, चढाची. कंसाची तिला सापडेल. सापडल्यावर १० चे १४ कसे झाले हेही तिलाच काढू द्या, फार बेरकी चूक आहे ती, तिला आवडेल. आणि मग खिशातून पुठ्ठा काढा.

आणि इथून पुढं येत नाही तिथं 'मला येत नाही, उद्या बघू' म्हणायचं. कारखान्यात नवा पोरगा न विचारता ताक्यावर कात्री चालवतो तेव्हा तुम्ही काय म्हणता ते आठवा.

क्लासचं म्हणाल तर या एका धड्यासाठी एवढी रक्कम घालू नका. आधी तिला कॉलेजात शिकवणाऱ्यांना तास संपल्यावर गाठायला सांगा, एका वेळी एकच नेमका प्रश्न घेऊन. बहुतेक शिक्षक त्यावर खूश होतात, मी तर व्हायची. बारावीला विकलन-संकलन आलं आणि तुमचंही अडायला लागलं तर तेव्हा क्लासचा विचार करा, आणि तोही हप्त्यानं फी घेणारा बघा. विचारायला संकोच करू नका, बरेच जण घेतात.

शेवटी एक उदाहरण देते. याला आकृती काढावीच लागेल, तेव्हा आलेख कागद घेऊन ठेवा. त्रिकोणाचे शिरोबिंदू अ (०, ६), ब (−२, ०) आणि क (४, २). प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब टाकायचा. अ मधला मी करून देते: बक चा चढ २/६ म्हणजे १/३, लंबाचा −३, बिंदू (०, ६), म्हणून ३क्ष + य = ६. ब मधला तिनं काढायचा. अक चा चढ उणे एक आहे, म्हणजे सोपा आहे. हे दोन लंब (१, ३) पाशी भेटायला हवेत, नाही भेटले तर कुठंतरी कंस सुटला असेल. क मधला तिसरा लंब तुम्ही काढा. तोही (१, ३) मधूनच जातो का, हे ती तपासेल. लाल पेन तिच्याकडं द्या.

तुमची,
बाई